लूमच्या घराला रंग कोणता?

नगररचनेच्या सर्वेक्षणाचा एक ठरलेला फॉर्म असतो. घर क्रमांक, मजले किती, भिंत कशाची, छप्पर कशाचं, नळ आहे का, संडास आहे का, आणि मग एक रकाना येतो: जागेचा वापर. निवासी, वाणिज्यिक, औद्योगिक, सार्वजनिक यांपैकी एकावर खूण करायची. ती खूण पुढे नकाशावर रंग होऊन उतरते. आपल्याकडच्या विकास आराखड्यांत राहती घरं पिवळी दाखवतात, बाजारपेठ निळी आणि कारखाने जांभळे. हा फॉर्म घेऊन मी बुऱ्हाणपूरच्या मोमिन विणकरांच्या वस्तीत गेले आणि पहिल्याच गल्लीत त्या रकान्यापाशी थांबावं लागलं.

घर मातीविटांचं, अरुंद, माडीचं. दारातून पाऊल आत टाकलं की लगेच चार पॉवरलूम. भिंत आणि लूम यांच्यामध्ये माणूस तिरका होऊन जाईल एवढीच वाट. मागे शेगडी, मोरी, जिना. जिन्याखाली सुताच्या कांड्या भरायचं यंत्र. वर झोपायची खोली आणि तिथेच सुताच्या गोण्या. खाली एक बाई कांड्या भरत होत्या आणि शेजारी बसलेल्या नातीकडून उर्दूचा धडा म्हणून घेत होत्या. लूमच्या आवाजात शब्द ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. नात म्हणत होती आणि आजी तिच्या ओठांकडे पाहून चूक सांगत होती. मी त्यांना ओरडून विचारलं, "खाला, हे घर समजायचं की कारखाना?" त्या म्हणाल्या, "दोनों है बेटी. लिख ले."

फॉर्ममध्ये दोन्ही लिहायची सोय नव्हती. माझ्याबरोबरच्या विद्यार्थ्याने 'निवासी'वर खूण केली, कारण आत माणसं झोपत होती. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. मध्य प्रदेशातलं पॉवरलूमचं सर्वांत मोठं केंद्र असलेल्या या गावातले विणकरांचे मोहल्लेच्या मोहल्ले अशा रीतीने कागदावर नुसते पिवळे होतात.

मी मूळची रावेरची. रावेर महाराष्ट्रात, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, पण आमच्यासाठी ती सीमा रेल्वेच्या पाट्यांवरच होती. लग्नाचा बस्ता बुऱ्हाणपुरात, सोनं बुऱ्हाणपुरात, दराबा आणि मावा जिलेबी बुऱ्हाणपूरची. आजोबा बुऱ्हाणपूरच्याच लालबागमधल्या ताप्ती मिलमध्ये कामाला होते. शनवारा, महाजनापेठ, शाहपूर, इच्छापूर इथे आमचे नातेवाईक आहेत आणि घरात मराठीच बोलतात. एवढं असूनही मोमिनांच्या गल्ल्यांत आम्ही कधी शिरलो नव्हतो. त्यांचं कापड अंगावर होतं, लूमची खटखट रस्त्यावरून ऐकू यायची, बस. नगररचना शिकून संशोधनाचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा मी हाच घेतला: एखाद्या समाजाचे स्वतःचे धंदे, त्या समाजाची संस्कृती आणि शहराची आखणी यांचा एकमेकांशी काय संबंध असतो.

बुऱ्हाणपूर 1400 च्या सुमारास वसलं. नसीर खान फारुकीने तापीच्या काठी शहर उभारलं आणि खुलताबादला ज्यांची कबर आहे त्या सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला, खानदेश मोगली सुभा झाला आणि हे गाव दख्खनचं दार बनलं. फौज, दरबार आणि व्यापारी काफिले यांना कापड लागे, ते इथे विणलं जाई. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये इथून गेला. इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं असं त्याने लिहून ठेवलं आहे. सोन्याचांदीची तार ओढून कलाबतू करणारे कारागीरही इथले नावाजलेले होते. 1857 च्या धामधुमीनंतर उत्तरेतले कितीतरी विणकर दक्षिणेकडे सरकले आणि मालेगाव, भिवंडी, बुऱ्हाणपूर अशा गावांत स्थिरावले. मोमिन, अन्सारी या नावांनी आपण ज्यांना ओळखतो त्यांच्यातल्या अनेक घरांत ही आठवण अजून सांगितली जाते. इतिहासकार डग्लस हेन्स यांनी 1870 ते 1960 या काळातल्या पश्चिम भारतातल्या विणकर-गावांवर 2012 मध्ये मोठं पुस्तक लिहिलं. मिलच्या स्पर्धेत हातमागवाले नुसते बुडाले नाहीत, त्यांनी लहान गावांतून स्वतःची भांडवलशाही उभी केली, जुने पॉवरलूम घेऊन घरातच बसवले, हे त्यांनी बारकाईने दाखवलं आहे. माझ्या कामाला त्या पुस्तकाचा फार आधार झाला.

पण पुस्तकात गल्ली सापडत नाही, ती चालूनच कळते. आम्ही फॉर्म बाजूला ठेवला आणि प्रत्येक घरी साधे प्रश्न विचारायला लागलो. सूत कुणाकडून येतं? लूम बिघडला तर कुणाला हाक मारता? पैसे कमी पडले तर कुणाकडे जाता? मुलीच्या लग्नात लूम किती दिवस बंद ठेवता? उत्तरं मिळतील तशा नकाशावर रेघा ओढायच्या.

सूत व्यापारी देतो. बहुतेक लहान कारखानदार मजुरीवर विणतात, म्हणजे सूत त्याचं, कापड त्याचं, मधलं काम यांचं. सूत आधी साइजिंगला जातं, खळ लागून बीमवर गुंडाळलं जातं, आणि तो बीम हातगाडीवरून गल्लीत येतो. बीम आला की ज्याच्या घरी हात रिकामे असतील तो धावतो, कारण तो उंबरठ्यावरून आत न्यायला चार माणसं लागतात. मग येतो धागे जोडणारा कारागीर. संपलेल्या बीमच्या टोकांना नव्या बीमचे हजारो धागे एकेक करून पिळून जोडायचे, दिव्याखाली मान घालून. या कामाचे नावाजलेले हात मोहल्ल्यात थोडेच आहेत आणि त्यांचा दिवस कोणत्या घरी जाणार हे आदल्या रात्री चहाच्या टपरीवर ठरतं. लूमचा दात तुटला की दोन गल्ल्यांपलीकडे लेथवाला आहे, तो उधारीवर दात कापून देतो. फणी दुरुस्त करणारा वेगळा. कांड्या बायका भरतात, स्वतःच्या घरच्या आणि शेजारच्याही. विणलेले तागे तपासून, घडी घालून व्यापाऱ्याकडे जातात. बरंचसं कापड कोरंच बाहेरगावी जातं आणि तिथे रंगतं.

नकाशावरच्या रेघा पाहिल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. सुताची आणि कापडाची रेघ सोडली तर बाकी सगळ्या रेघा पाच-सात मिनिटांच्या चालीत संपत होत्या. मिलमध्ये जसे खाते-विभाग असतात तसे इथे ते घराघरांत पसरलेले आहेत आणि त्यांना जोडणारा मार्ग म्हणजे ही बोळ.

या रेघांत पैशाच्याही रेघा होत्या. बायकांची भिशी आहे. एका घरातलं कांड्यांचं यंत्र भिशीतून आलं, दुसऱ्या घरातल्या मुलाची बी.एड.ची फी. पावसात भिंत कोसळली तर जमातीतून मदत होते. उधार मागणाऱ्याची पत त्याच्या बापाने आणि आजोबाने फेडलेल्या उधारीवरून ठरते. मशिदीत, मय्यतीत, निकाहात माणसं एकमेकांना भेटत राहतात म्हणून ही पत जिवंत राहते. संस्कृती म्हटलं की आपण मुशायरा, कव्वाली, पेहराव, खाणं एवढंच डोळ्यांपुढे आणतो. ते सगळं इथे आहेच, आणि उर्दू शायरीची या गावाची परंपरा मोठी आहे. पण मला या गल्ल्यांत कळलं की धंद्याला लागणारा विश्वास त्याच बैठकींतून तयार होतो. रमजानमध्ये कामाच्या वेळा बदलतात, रात्री बाजार जागतो. मावा जिलेबीच्या कढया चढतात. खवा घालून केलेली ही जाड, काळपट जिलेबी बुऱ्हाणपूरचे हलवाई मुंबईपर्यंत घेऊन गेले आहेत आणि मुंबईच्या रमजान बाजारात ती या गावाच्या नावानेच विकली जाते.

एकदा आम्ही रेघा ओढत असताना गल्लीतले लूम एकामागून एक बंद पडत गेले. वीज गेली असं मला वाटलं. पंखा मात्र चालू होता. कोपऱ्यावरच्या घरात म्हातारे चाचा वारले होते. दफन होईपर्यंत गल्लीतला कुणीही लूम चालवणार नव्हता. विणकराची मजुरी कापडावर असते, बंद लूमचा तास म्हणजे तेवढी मजुरी गेली. तरीही कुणी कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. माझ्या फॉर्ममध्ये याला कुठलाच रकाना नव्हता.

अशा गल्लीचा अभ्यास करायचा कसा, याचं शिक्षण मला अमेरिकेतल्या एका जुन्या पुस्तकातून मिळालं. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस हा कृष्णवर्णीय विद्वान 1896-97 मध्ये फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात बायकोसह राहायला गेला आणि घरोघर जाऊन त्याने माहिती गोळा केली. कोण काय काम करतं, कोणाचं दुकान आहे, कोण कोणत्या चर्चमध्ये जातं, कोणाला कुठे नोकरी नाकारली. 'द फिलाडेल्फिया नीग्रो' हे पुस्तक 1899 मध्ये आलं. त्यात त्याने वॉर्डाचा रंगीत नकाशा जोडला आहे, घराघराच्या परिस्थितीप्रमाणे रंग दिलेला. बाहेरून सरसकट 'वाईट वस्ती' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात किती तऱ्हेचं जगणं आहे, हे त्या नकाशाने दाखवलं. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आमच्या गल्ल्या आठवल्या.

त्याच वाटेने मी डरहॅम या गावापर्यंत गेले, म्हणजे वाचनातून. उत्तर कॅरोलायनातलं हे तंबाखूचं गाव. गुलामीत जन्मलेला जॉन मेरिक इथे न्हाव्याचं दुकान चालवत असे. त्याने आणि डॉक्टर आरन मूर यांनी आणखी काही जणांना घेऊन 1898 मध्ये एक विमा कंपनी काढली, कारण गोऱ्यांच्या कंपन्या कृष्णवर्णीयांना नीट विमा देत नव्हत्या. 1907 मध्ये त्यांची बँक निघाली. गावातला हेटाय हा भाग कृष्णवर्णीयांच्या दुकानांनी, चर्चनी, थिएटरांनी, वाचनालयाने गजबजला. द्यु बॉइस तिथे जाऊन आला आणि 1912 मध्ये त्याने कौतुकाने लिहिलं. मग 1950 च्या दशकाच्या शेवटी 'नगर नूतनीकरण' आलं. वस्ती जीर्ण आहे, पाडून नवी बांधू, असं सांगण्यात आलं. हमरस्ता हेटायच्या मधून गेला. सुमारे 4,000 कुटुंबं आणि 500 धंदे उठले. नवी वस्ती मात्र त्या प्रमाणात उभी राहिलीच नाही.

ओक्लाहोमातल्या टल्सा गावची ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची पेठ 31 मे आणि 1 जून 1921 ला गोऱ्यांच्या जमावाने जाळली. माणसं मारली, दुकानं राख केली. लोकांनी ती पेठ काही वर्षांत पुन्हा उभी केली, आणि 1940 च्या दशकात ती पुन्हा भरभराटीला आली. तिला कायमचं मोडलं ते साठ-सत्तरच्या दशकांतल्या नूतनीकरणाने आणि महामार्गाने. जमावाने जाळलेली पेठ पुन्हा उठली आणि आराखड्याने कापलेली पेठ उठली नाही, हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही. आमच्या व्यवसायाच्या हातात केवढी ताकद आहे ते मला त्या दिवशी समजलं.

तिथली गुलामगिरी आणि वर्णद्वेष यांची बरोबरी मी मोमिनांच्या परिस्थितीशी करत नाही. दोन्ही इतिहास वेगळे आहेत. पण एकमेकांकडून शिकण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. पुण्यात बसून त्यांना तो धागा दिसला. नगररचनाकारांनाही तो दिसायला हवा.

तो धागा मला सर्वांत स्पष्ट दिसला तो कर्जाच्या बाबतीत. अमेरिकेत 1930 च्या दशकात एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरोशहरीचे नकाशे रंगवले. कर्जाला उत्तम ते भाग हिरवे, धोक्याचे ते लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सरसकट लाल. त्या लाल रंगाने पुढच्या पिढ्यांची घरं आणि धंदे अडवले. आपल्याकडे 2006 मध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला. मुसलमानांमध्ये स्वयंरोजगार आणि घरबसल्या कामांचं प्रमाण मोठं आहे, कापडधंद्यात ते विशेष आहेत, आणि बँकेच्या कर्जात त्यांचा वाटा कमी आहे, हे त्यात आकड्यांनिशी मांडलं आहे. काही बँकांनी मुस्लिमबहुल भाग 'नकारात्मक भौगोलिक क्षेत्र' म्हणून बाजूला काढले होते, असंही त्यात नमूद आहे.

अहवालातलं ते वाक्य मी वाचलेलं होतं. ते घडताना पाहिलं ते वेगळं. खालांची सून शिकलेली, हिशेब पक्का. तिला दोन जुने लूम काढून त्या जागी एक सुधारित लूम घ्यायचा होता. मी तिच्याबरोबर एका बँकेत गेले. समोरचा अधिकारी सभ्य होता. त्याने जागेचे कागद मागितले. घर आजेसासऱ्याच्या नावावर, वाटण्या झालेल्या नाहीत. मग त्याने धंद्याचा पत्ता विचारला. तिने मोहल्ल्याचं नाव सांगितलं. त्याने लिहिणं थांबवलं आणि म्हणाला, "तो तर रहिवासी भाग आहे, तिथे कारखाना कसा दाखवणार?" मोहल्ल्याचं नाव ऐकून लेखणी थांबली की 'रहिवासी' म्हणून थांबली, हे त्याच्या मनात शिरल्याशिवाय सांगता येणार नाही. पण नकाशावरचा पिवळा रंग त्याच्या हाती कारण म्हणून तयार होता. बाहेर आल्यावर सून म्हणाली, "बाजी, वीज कंपनीला आमचे लूम दिसतात. मीटर पॉवरचा, बिल पॉवरचं. बँकेलाच दिसत नाहीत."

तिचं हे वाक्य मी पुढे प्रत्येक सादरीकरणात वापरलं.

एका सरकारी बैठकीत मी रेघांचा तो नकाशा मांडला. समोर माझ्याच व्यवसायातली माणसं होती. त्यांचं म्हणणं असं की वस्तीत कारखाने असणं हीच मुळात चूक, लूम शहराबाहेरच्या औद्योगिक जागेत न्यावेत, मग वस्ती मोकळी होईल, रस्ते रुंद होतील, वारसास्थळं दिसतील. या म्हणण्यात खोट नाही असं नाही, पण ते टाकाऊही नाही. लूमचा आवाज कान खातो. कापसाची धूळ छातीत जाते, खोकणारी माणसं मी प्रत्येक घरात पाहिली. तुळया वाकल्या आहेत, वायरी उघड्या आहेत, आग लागली तर बंब आत यायला वाट नाही. हे झाकून ठेवून गल्लीचे पोवाडे गाणाऱ्या अभ्यासकांचा मला राग येतो.

गल्लीच्या आतही सगळे समान नाहीत. कारखानदार आणि मजूर यांच्यात अंतर आहे. दुसऱ्याच्या लूमवर पाळी करणाऱ्याला ना नोंद, ना सुट्टीचे पैसे. कांड्या भरणाऱ्या बाईचं काम तर तिच्या नवऱ्याच्या मजुरीतच जमा धरतात. आम्ही घरोघर जाऊन कामाचे तास लिहिले तेव्हा बायकांनी सांगितलेले तास ऐकून घरातल्या पुरुषांनाच नवल वाटलं. आपल्या कामाला वेगळं नाव आणि वेगळा आकडा आहे हे कागदावर पाहून एका आपांनी तो कागद पुन्हा वाचून दाखवायला सांगितला.

म्हणून मी बैठकीतला प्रश्न गल्लीतच नेला. बाहेर जागा मिळाली तर जाल का? तरुण कारखानदार म्हणाले, जाऊ, मोठी शेड मिळाली तर नक्की जाऊ, इथे नवा लूम मावतच नाही. लहान चार लूमवाले गप्प राहिले. खालांनी उत्तर दिलं. त्यांनी आधी विचारलं, तिथे धागे जोडणारा येईल का? लेथवाला येईल का? कांड्या कोण भरेल, घरच्या बाईने स्वयंपाक सोडून रोज रिक्षाने जायचं का? नात शाळेतून कुठे येईल? "उठाना है तो पूरी गली उठाओ, आधी मत उठाओ." स्थलांतराच्या योजनांचं इतकं नेमकं मूल्यमापन मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

बुऱ्हाणपूरच्या वारशाबद्दल हल्ली बरंच बोललं जातं आणि ते योग्यच आहे. 1615 मध्ये अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात बांधलेला कुंडी भंडारा अजून पाणी देतो. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, विहिरींच्या माळेतून, निव्वळ उताराच्या जोरावर शहराकडे आणलेलं आहे. 2024 मध्ये तो युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे. मुमताज महल 1631 मध्ये इथेच वारली आणि पलीकडच्या काठावर आहूखान्यात तिला आधी दफन केलं होतं. बोहरा समाजाची दर्गा-ए-हकीमी, शिखांचा गुरुद्वारा, कबीरपंथीयांचं कबीर निर्णय मंदिर, सगळं एका गावात आहे. पर्यटनाच्या नकाशावर ही ठिकाणं ठळक असतात. मला एवढंच म्हणायचं आहे की ज्या कापडासाठी हे शहर जगाला माहीत झालं ते विणणारे लोक अजून इथेच विणत आहेत, आणि त्यांच्या गल्लीवर पर्यटनाच्या नकाशात एकही खूण नाही. कबीर विणकर होते. त्यांच्या नावाच्या मंदिराच्या गावात तरी विणकराची गल्ली वारसा म्हणून मोजली जायला हवी.

वेळही फार हातात नाही. 2016 ची नोटाबंदी, 2017 चा जीएसटी, 2020 ची टाळेबंदी असे घाव पाठोपाठ आले. रोख मजुरीवर चालणाऱ्या धंद्याला ते तिन्ही लागले. सुताचे भाव वर-खाली होतात आणि मजुरी जागची हलत नाही. टाळेबंदीत ताप्ती मिल थांबली ती थांबलीच. आजोबा ज्या भोंग्यावर घड्याळ लावायचे तो आता वाजत नाही. एका गल्लीत मी लूम भंगारात जाताना पाहिला. हातोड्याने त्याचे तुकडे करून काट्यावर तोलले. कारखानदार तिथे उभा राहिला नाही, आत निघून गेला.

आमच्या अभ्यासातून शेवटी तीन गोष्टी हाती आल्या. पहिली, गल्लीचा नकाशा, ज्यात लूमच्या घरांना आम्ही पिवळ्यावर जांभळे पट्टे दिले आणि तसं करणं नियमात बसवता येतं, हे दाखवलं. मिश्र वापर ही नगररचनेत नवी गोष्ट नाही, ती लागू करायची इच्छा लागते. दुसरी, बायकांच्या कामाच्या तासांची यादी. तिसरी सर्वांत कामाची ठरली: लहान उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी. 2020 पासून ती ऑनलाइन आणि फुकट होते, आधार क्रमांकावर होते. शाळेच्या सुट्टीत मोहल्ल्यातल्या मुलींनी मोबाइलवरून घरोघरच्या नोंदण्या केल्या. खालांच्या सुनेला बँकेचं कर्ज अजून मिळालेलं नाही, पण तिच्या हातात आता तिच्या नावाचं, तिच्या मोहल्ल्याचा पत्ता असलेलं उद्योगाचं प्रमाणपत्र आहे, आणि पुढच्या वेळी समोरच्या अधिकाऱ्याला ते वाचावं लागेल.

बुऱ्हाणपूरच्या विणकरांना जे लागू आहे तेच मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीला लागू आहे, आणि सोलापूरच्या पद्मशाली घरांनाही. या ओळी त्या गावांतल्या कुणी वाचत असेल तर एक विनंती आहे. मध्य प्रदेशात 1973 चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम आहे, महाराष्ट्रात 1966 चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. दोन्हीकडे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की लोकांकडून हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात, आणि त्यासाठी ठरावीक मुदत असते. तो मसुदा लागला की कचेरीत जाऊन आपली गल्ली कोणत्या रंगात आहे ते बघा. रंग चुकीचा असेल तर साध्या कागदावर लेखी हरकत द्या. लूम किती, कामाला माणसं किती आणि त्यात बायका किती, ते लिहा. एकट्याने देऊ नका, गल्लीने मिळून द्या. पोच घ्या. आणि सोबत वीजबिलाची प्रत जोडा.